जागत्या रात्रीचा रसिक

संगीताच्या इतिहासाचे ग्रंथ उघडले असता त्यांत गायक भेटतात, घराणी भेटतात, आश्रयदाते राजे आणि संस्थानिक भेटतात; परंतु ज्याच्या कानांवर हे सारे पडावयाचे तो श्रोता मात्र क्वचितच दृष्टीस पडतो. गायकाने कोणता राग कोणाकडून मिळविला, कोणत्या दरबारी किती बिदागी पावली, ह्याची नोंद चिकाटीने ठेवली जाते. समोर घोंगडी पसरून पहाटेपर्यंत बसलेला मनुष्य कोठून आला, कसा आला, काय ऐकून परत गेला, हे लिहून ठेवावे असे फारसे कोणास वाटलेले नाही. वस्तुतः आवडत्या गवयाचे गाणे ऐकण्यासाठी एक सबंध रात्र खर्ची घालणे ही आपल्या ह्या सीमाभागात एक रूढी होती, आणि प्रत्येक रूढीला असतो तसा तिलाही इतिहास आहे. तो इतिहास देवस्थानांच्या अंगणांतून गेलेला असल्यामुळे ह्या मासिकाच्या वाचकांपुढे तो मांडणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

उदाहरणासाठी आम्ही ठाणाकुशनूर हे गाव डोळ्यांपुढे ठेवतो. बीदर जिल्ह्यातील, पूर्वी औराद तालुक्यात मोडणारे हे गाव. घरी मराठी, बाजारात कानडी, जुन्या दप्तरात उर्दू, अशी तिपेडी भाषा ह्या मुलखाची. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर ही बाजू मुंबई राज्याकडे गेली आणि औराद, भालकी, हुमनाबाद, बीदर म्हैसूर राज्यात राहिली. सोयरिकी दोन्हींकडे होत्या, त्या तशाच राहिल्या. अशा गावी दरबार नव्हता, नाट्यगृह नव्हते, संगीतसभा भरविणारे मंडळ नव्हते. तरीही ह्या टापूतील शेतकऱ्याला, कुलकर्ण्याला, शाळामास्तराला ख्याल आणि पद ह्यांतला भेद कळे, आणि गवयाने सम चुकविली तर त्याची मान थांबे. हे ज्ञान त्याला कोठून मिळाले, हा आमच्या लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम थोडे मागे जावे लागेल. ठाणाकुशनूरहून फार दूर नसलेले कल्याणी, आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी. तेथे इ. स. ११२७ ते ११३८ पर्यंत राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' नावाचा विश्वकोशसदृश ग्रंथ रचिला. त्यातील विनोदांच्या विंशतीत गीतविनोद आणि वाद्यविनोद आहेत. राजाने करमणुकीसाठी गाणे कसे ऐकावे, गायक कसा निवडावा, कोणते प्रबंध कोणत्या प्रसंगी गावेत, ह्यांचा तेथे तपशील आहे. ह्या ग्रंथातला श्रोता अर्थातच एकटा आहे: तो राजा आहे. परंतु त्याच राजाच्या कानांनी आणखी एक गोष्ट टिपली. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख त्याने करून ठेवला आहे. उखळाशी उभ्या असलेल्या त्या स्त्रीला कोणी बिदागी दिली नाही. तिचे गाणे मात्र राजधानीच्या ग्रंथात शिरले. पुढे शंभर वर्षांनी देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, आणि त्यात सभा कशी असावी, सभापती कसा असावा, सभेत कोणी कोठे बसावे ह्याचेही विवेचन केले. म्हणजे श्रोत्याच्या आसनाचा विचार आपल्याकडे शास्त्राने केलेला आहे. फक्त ते आसन सामान्य माणसासाठी मांडलेले नव्हते.

सामान्य माणसाला त्याचे आसन राजाने दिले नाही, देवाने दिले. आमच्या मते रात्रभर चालणाऱ्या मैफलीचे मूळ दरबाराइतकेच, किंबहुना दरबाराहून अधिक, जागरात शोधले पाहिजे. एकादशीचा हरिजागर, खंडोबाचे जागरण, अंबेचा गोंधळ ह्या सर्वांत एक गोष्ट समान आहे: रात्र जागून काढणे हेच पुण्यकर्म, आणि ती जागून निघावी म्हणून गाणे. भालकी तालुक्यात खानापूरचा मैलार मल्लण्णा आहे, तोच आपला खंडोबा. तेथे वाघ्या-मुरळीच्या तुणतुण्यावर आणि दिमडीवर रात्री उजाडल्या आहेत. कोकणी भाषेत तर ह्या संबंधाचा पुरावा शब्दातच सापडतो. गोव्यात गावडे आणि पेरणी ह्या समाजांच्या रात्रभर चालणाऱ्या नृत्यगीतांना 'जागोर' असेच नाव आहे. ज्या समाजाला वर्षातून पाचदहा रात्री देवासाठी जागण्याची सवय आहे, त्याला एखाद्या मोठ्या गवयासमोर पहाट करणे अवघड वाटत नाही. मोठ्या शहरांतील संगीतसभांचा इतिहास लिहिणारे ही सवय हिशेबात धरीत नाहीत, आणि मग रात्रभराची मैफल ही केवळ संस्थानिकांच्या विलासाची निपज ठरते.

आता आमच्या टापूतील ह्या परंपरेच्या मुख्य स्थानाकडे वळू. हुमनाबादजवळ विरजा आणि गुरुगंगा ह्यांच्या संगमापाशी माणिकनगर वसले आहे. श्रीमाणिकप्रभू ह्यांचा जन्म कल्याणीजवळच्या लाडवंती गावी १८१७ साली मार्गशीर्ष पौर्णिमेस, म्हणजे दत्तजयंतीच्या दिवशी झाला. आणि १८६५ साली मार्गशीर्ष शुद्ध एकादशीस त्यांनी माणिकनगरी समाधी घेतली. त्यामुळे उत्सवाचे दिवस आपोआप जुळून आले आहेत: एकादशीस पुण्यतिथी, पौर्णिमेस जयंती, आणि मधल्या चांदण्या रात्री भजन-गायनाच्या. प्रभू स्वतः पदकर्ते होते. त्यांची पदे मराठीत आहेत, कानडीत आहेत, हिंदुस्थानीत आहेत, आणि ती रागतालांत बांधलेली आहेत. त्यांच्या संप्रदायाचे नाव 'सकलमत'. कोणत्याही मताचा निषेध न करता सर्वांस जवळ करावे हा त्याचा अर्थ, आणि म्हणूनच हिंदूंबरोबर मुसलमान भक्तही त्या गादीपुढे येत राहिले. संगीताच्या दृष्टीने ह्या तत्त्वाचा परिणाम फार मोठा झाला. धर्माने मुसलमान असलेला उस्ताद आणि आचाराने कडक असलेला ब्राह्मण श्रोता ह्यांना एकाच छताखाली, एकाच सतरंजीवर बसविणारी जागा एकोणिसाव्या शतकात दख्खनेत किती होत्या? ज्या होत्या त्यांत हे स्थान येते.

माणिकनगरच्या दरबाराचे वैशिष्ट्य असे की तेथे गाणे ही सेवा आहे. गवई गातो तो गादीपुढे, प्रभूंपुढे. श्रोते त्या सेवेचे साक्षी म्हणून बसतात. त्यांनी तिकीट घेतलेले नसते, त्यामुळे पैसे वसूल झाले की नाहीत हा विचार त्यांच्या मनात येत नाही. आणि गवयालाही समोरच्याला खूश करून टाळी घेण्याची घाई नसते. विलंबित ख्यालाला असा श्रोता लागतो. पहिली अर्धी घटका षड्ज आणि मंद्र सप्तक ह्यांतच फिरणाऱ्या गायकाला 'आता पुढे चला' असे डोळ्यांनी सुचविणारा मनुष्य समोर नसेल, तरच राग त्याच्या स्वभावाने उलगडतो.

ठाणाकुशनूरच्या बाजूचा मनुष्य तेथे कसा जाई, हेही पाहिले पाहिजे, कारण मैफलीचे स्वरूप पुष्कळ अंशी रस्त्याने ठरविले आहे. भालकी, कमलनगर ही रेल्वेस्थानके ह्या भागात आहेत, परंतु हुमनाबादला रेल्वे गेली ती २०१७ साली, बीदर-कलबुर्गी मार्ग सुरू झाला तेव्हा. त्यापूर्वी मोटार, आणि मोटारीपूर्वी बैलगाडी किंवा पाय. मार्गशीर्ष म्हणजे खरीप घरात आलेले आणि शाळूची ज्वारी शेतात वाढत असलेली. राखणीचे दिवस यावयास अवकाश असतो, म्हणून चार दिवस काढता येतात. गाडीत कडबा, वर घोंगड्या, धडप्यात बांधलेल्या भाकरी, शेंगाचटणी, आणि वाटेत एक मुक्काम. असा मनुष्य संध्याकाळी माणिकनगरास पोचला म्हणजे त्याला रात्री दहा वाजता घरी परतण्याचा मार्गच नसे. थंडीच्या दिवसांत रात्री अनोळखी वाटेने बैल हाकणे शहाणपणाचे नव्हते. तेव्हा उजाडेपर्यंत तो तेथेच राहणार, आणि राहणारच असेल तर झोपून काय करणार? गाणे रात्रभर चालण्याचे कारण भक्ती खरी, रसिकता खरी, पण बैलाची सोय हेही एक कारण होते असे आम्ही म्हणतो, आणि त्यात कोणाचा कमीपणा समजत नाही.

ह्या सक्तीच्या मुक्कामाने रसिकाला जे दिले ते मात्र विलक्षण होते. आपल्या रागसंगीताने दिवसाचे आठ प्रहर वाटून घेतले आहेत. दिवेलागणीला पूरिया किंवा यमन, पुढे बिहाग, मध्यरात्रीकडे मालकंस, त्यानंतर दरबारी आणि अडाणा, रात्रीच्या अखेरच्या प्रहरात ललित, फटफटताना भटियार किंवा भैरव, आणि ऊन अंगावर आले की तोडी. शास्त्रात ही वाटणी वाचणे वेगळे आणि एकाच बैठकीत बसून ती अंगावरून जाऊ देणे वेगळे. मध्यरात्री तंबोऱ्याच्या तारा थंडीने चढतात, पुनःपुन्हा जुळवाव्या लागतात. तबल्याची शाई गारठ्याने बोलेनाशी होते, मग तो शेगडीपाशी नेतात. पेंगुळलेला श्रोता दरबारीच्या कोमल गंधाराच्या आंदोलनावर दचकून जागा होतो. पहाटे ललितातले दोन्ही मध्यम एकापाठोपाठ लागले की बाहेरचा अंधार पातळ होत असल्याचे न पाहताच कळते. ठाणाकुशनूरचा शेतकरी 'थाट' आणि 'वादी-संवादी' हे शब्द जाणत नव्हता. ललित म्हणजे पहाट, हे मात्र त्याला कानाने ठाऊक होते. कारण त्याने तो दुसऱ्या कोणत्याही वेळी ऐकलेलाच नव्हता. आम्ही वर जो प्रश्न उपस्थित केला त्याचे उत्तर हेच: त्या माणसाची पाठशाळा म्हणजे वर्षातून काही जागत्या रात्री.

गोव्याकडील वाचकांस हे चित्र अपरिचित वाटणार नाही. तेथील देवळांच्या सभामंडपांतून, पालखीच्या रात्री, जत्रेच्या रात्री, गाणे चालत आले आहे. वास्को येथे श्रीदामोदराचा भजनी सप्ताह श्रावणात होतो. चोवीस तास भजनाचा स्वर खंडित होऊ द्यावयाचा नाही हा त्याचा नेम. निरनिराळ्या समाजांचे पार वाजतगाजत येतात, आणि ठिकठिकाणच्या मंडपांत मुंबई-पुण्याचे गवई रात्रभर गातात. मंगेशीने आपल्याला दीनानाथ मंगेशकर दिले, पंडित जितेंद्र अभिषेकी दिले. केरीने केसरबाई दिल्या, कुर्डीने मोगूबाई दिल्या. देवळाच्या सावलीत वाढलेली ही नावे घेताना आपली छाती फुगते, ते योग्यच आहे.

परंतु येथे एक अप्रिय गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सभामंडपात कोण बसे, आणि कोठे बसे? ज्या कलावंतिणींनी देवापुढे पिढ्यान्‌पिढ्या गायन केले त्यांचा स्वर देवस्थानाला हवा होता. त्यांना मान देताना मात्र हात आखडला जाई. केसरबाई आणि मोगूबाई ह्यांना आपले स्थान मिळवावे लागले ते मुंबईत, कष्टाने आणि निग्रहाने. कर्नाटकाच्या बाजूला गंगूबाई हनगल ह्यांचे उदाहरण आहे. १९२४ साली बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले, गांधीजी अध्यक्ष होते. बालवयातील गंगूबाईंनी तेथे स्वागतगीत गायिले. परंतु आपण खालच्या मानल्या गेलेल्या कुळातल्या, तेव्हा जेवणाच्या पंक्तीनंतर पत्रावळी उचलण्याचे काम तर आपल्याला सांगणार नाहीत ना, ही भीती त्या वेळी मनात होती, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. गाण्याला कान देणारे लोक गाणारणीला पान वाढताना विचार करीत. देवळाच्या अंगणाने सामान्य माणसाला आसन दिले असे आम्ही वर म्हटले. ते सर्वांना सारख्या अंतरावर दिले नव्हते, हेही त्याच दमात म्हटले पाहिजे. शिवाय रात्रभर बाहेर राहण्याची मोकळीक बहुधा पुरुषाला असे. घरच्या बाईला रात्रीचे गाणे मिळे ते देवाच्या उत्सवापुरते, आणि त्यातही कडेवर मूल आणि पाठीमागे स्वयंपाक घेऊन.

माणिकनगराप्रमाणेच मिरजेची गोष्ट ह्या संदर्भात स्मरते. उत्तरेकडील कैराना गावाहून आलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि तेथील मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गाण्याची सेवा केली. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीस जात असता सिंगपेरुमल कोईल ह्या लहानशा स्थानकावर त्यांचा अंत झाला, आणि त्यांचा देह मिरजेस आणून दर्ग्यातच पुरण्यात आला. तेव्हापासून उरुसाच्या रात्री त्यांच्या स्मृतीस गाणे वाहण्यास हिंदू आणि मुसलमान, मराठी आणि कानडी गवई येत आले आहेत. आमच्या टापूत कलबुर्गीच्या ख्वाजा बंदेनवाझांच्या दर्ग्यालाही कव्वालीची जुनी परंपरा आहे. जागणारा रसिक देऊळ आणि दर्गा ह्यांत फारसा भेद करीत नव्हता. जेथे चांगला स्वर लागतो तेथे तो बसे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या रसिकाच्या आयुष्यात तिकीट आले. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर ह्यांनी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर गायन केले, आणि १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. त्याआधीच, १८८० साली, किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने पदांनी भरलेले नाटक रंगभूमीवर आणले होते. तीही रात्र लांबणारीच. पुढे हिराबाई बडोदेकर ह्यांच्यासारख्या गायिका तिकीट लावून, खुर्च्यांपुढे, प्रतिष्ठेने गाऊ लागल्या. तिकिटामुळे गवई स्वतंत्र झाला, आणि स्त्री-गायिकेला तर त्यामुळे मान ताठ ठेवता आली. तिकिटाची निंदा आम्ही करणार नाही. त्याने खेड्यातला श्रोता मात्र दूर राहिला. ते अंतर काही अंशी ध्वनिमुद्रिकेने आणि आकाशवाणीने भरून काढले. धारवाडचे केंद्र १९५० साली सुरू झाले, १९५२ पासून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम प्रक्षेपित होऊ लागला. चावडीवरच्या रेडिओभोवती शनिवारी रात्री बसणाऱ्यांत अशीही माणसे होती, ज्यांनी माणिकनगरास ललित ऐकला होता आणि जी रेडिओवरचा मालकंस तासाभरात संपला म्हणून हळहळत.

ध्वनिमुद्रिकेने एक काम मात्र असे केले, की जे कोणत्याही दरबाराने केले नसते. गदगच्या जोशी मास्तरांचा मुलगा लहानपणी भजनाची दिंडी दिसली की तिच्यामागे चालू लागे, आणि थकेल तेथे झोपी जाई. शोधाशोध करून कंटाळलेल्या वडिलांनी शेवटी त्याच्या सदऱ्यावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असे लिहून ठेवले, अशी हकीकत सांगतात. हा मुलगा पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकून वेडा झाला आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घरातून निघून गेला. ग्वाल्हेर, रामपूर, जालंदर फिरून तो परत आला तो कुंदगोळास, खाँसाहेबांचेच शिष्य रामभाऊ कुंदगोळकर उर्फ सवाई गंधर्व ह्यांच्या दारी. पंडित भीमसेन जोशी ह्यांच्या आयुष्याचा आरंभ असा एका श्रोत्याचा आहे. गंगूबाई हुबळीहून रेल्वेने कुंदगोळास शिकावयास येत. रात्री परतीच्या गाडीसाठी त्या स्थानकाकडे निघाल्या की भीमसेन त्यांना पोचवावयास जात, आणि त्या दिवशी गुरुजींनी काय सांगितले ते विचारून घेत, असे सांगितले जाते. धुळीच्या रस्त्यावरची तीही एक मैफलच म्हणावयाची.

सीमाभागातील रसिकाला भीमसेन इतके आपले का वाटले, ह्याचे कारण शोधावयास फार दूर जावयास नको. जन्माने आणि मातृभाषेने कानडी, गुरूच्या गुरूकडून उत्तर हिंदुस्थानी, राहणे पुण्यात. मराठीत संतांचे अभंग गाणार आणि कानडीत हरिदासांची पदे गाणार. 'अभंगवाणी' आणि 'दासवाणी' ही दोन्ही एकाच कंठातून ऐकावयास मिळाली म्हणजे भालकी-औरादकडच्या माणसाला आपले घरच गात असल्यासारखे वाटे. कोणत्या राज्यात आपले गाव गेले ह्याचा वाद करणाऱ्या दोन्ही पक्षांच्या लोकांनी त्या बाबतीत कधी भांडण केले नाही.

१२ सप्टेंबर १९५२ रोजी सवाई गंधर्व निवर्तले. दुसऱ्या वर्षी, १९५३ साली, त्यांच्या शिष्यांनी पुण्यास त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ संगीतोत्सव सुरू केला, आणि भीमसेनांनी तो पुढे जवळजवळ आयुष्यभर वाहिला. हा उत्सव तिकिटाचा खरा. पण त्याचा सांगाडा देवस्थानाच्या उत्सवाचाच होता. गुरूची पुण्यतिथी हे निमित्त, गवयाची हजेरी ही सेवा, आणि थंडीच्या दिवसांत लागोपाठ रात्री उघड्या आकाशाखाली जागरण. माणिकनगरच्या अंगणात आणि रमणबागेच्या पटांगणात घोंगडीऐवजी शाल आणि भाकरीऐवजी बटाटेवडा एवढाच काय तो फरक. सोलापूर, लातूर, हुबळी, गोवा येथून माणसे त्या रात्रींसाठी येत. अखेरच्या सकाळी भीमसेन बसत तेव्हा रात्रभर ऐकून कान जड झालेले हजारो लोक ताजेतवाने होत. पहिल्या षड्जाला तंबोऱ्याचे चार स्वर आणि त्यांचा आवाज एकजीव झाला की मंडपात क्षणभर कोणी हालत नसे. मग तोडीचा किंवा दुसऱ्या एखाद्या सकाळच्या रागाचा विस्तार, ताना, शेवटी भजन. ज्याने एवढ्यासाठी वर्षभर पैसे बाजूस टाकून प्रवास केला, त्याला तो खर्च वाटत नसे.

ह्या रूढीला विसाव्या शतकाच्या शेवटी कायद्याची मर्यादा पडली. ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम २००० साली झाले; रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्या जागी ध्वनिक्षेपक लावण्यास त्यांनी मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ती उचलून धरली. सणावारांसाठी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकारे देऊ शकतात, त्यापुढे नाही. आजारी माणसाच्या उशाशी, परीक्षेला बसणाऱ्या मुलाच्या कानाशी कर्कश कर्णे लावून धर्म साजरा करणाऱ्यांनी हा नियम ओढवून घेतला. नियमाला दोष देणे न्यायाचे होणार नाही. पण ज्याचा अपराध नव्हता त्यालाही शिक्षा झाली. पुण्याच्या उत्सवाच्या सबंध रात्री गेल्या, त्याची सत्रे दुपारी आणि संध्याकाळी भरू लागली. दरबारी आणि अडाणा घाईघाईने दहापूर्वी उरकावे लागतात. मालकंस कसाबसा त्याच्या वेळेच्या उंबरठ्यावर येतो. ललिताला तर जागाच उरली नाही. भैरवी ही मूळची सकाळची. ती बैठकीच्या शेवटी गावी असा संकेत असल्यामुळे आता रात्री पावणेदहाला भैरवी ऐकून लोक वाहनतळाकडे धावतात. नव्या पिढीच्या कित्येक चांगल्या श्रोत्यांनी ललित ऐकला आहे तो तबकडीवर, जेवणाच्या वेळी.

ह्यावर उपाय नाही असे मात्र नाही. नियमाची मनाई ध्वनिक्षेपकाला आहे, बंदिस्त सभागृहाला सूट आहे, आणि तंबोऱ्याला तर कोणत्याच न्यायालयाने हात लावलेला नाही. माणिकप्रभूंच्या काळी ध्वनिक्षेपक नव्हताच. करीम खाँसाहेबांचा आवाज नाजूक म्हणून प्रसिद्ध, तरी तो बैठकीत शेवटच्या रांगेपर्यंत पोचे, कारण शेवटची रांगही शब्द न काढता बसलेली असे. ज्या देवस्थानांजवळ दगडी ओवऱ्या आहेत, लाकडी छताचे सभामंडप आहेत, त्यांनी वर्षातून एक रात्र, दीडदोनशे माणसांपुरती, यंत्रावाचून जागवावयास कोणाची आडकाठी आहे? गर्दी कमी होईल. वर्गणी कमी जमेल. निमंत्रणपत्रिकेवर नावे कमी छापावी लागतील. विश्वस्तांना ह्या तीन गोष्टी जड जातात, हे आम्ही जाणतो. तथापि बाई-माणसांनी कोठे बसावे आणि कोणत्या घरच्या मनुष्याने पुढे यावे, ह्याविषयीचे जुने हिशेब त्या रात्री पुन्हा उघडणार नसतील, तरच ती रात्र भरवावी.

पुण्याच्या उत्सवात एक प्रघात पडला आहे. सर्व गायन संपल्यावर सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. तिच्यात स्वरांइतकीच खरखर आहे, आणि जुन्या तबकडीच्या एका बाजूस मावेल तेवढीच तिची लांबी, तीनसाडेतीन मिनिटे. भीमसेन त्या उत्सवात शेवटचे गायिले ते २००७ साली. २४ जानेवारी २०११ रोजी ते गेले. ध्वनिमुद्रिका त्यानंतरही लागते. घरी जाण्यासाठी उठलेली माणसे ती सुरू होताच जागच्या जागी उभी राहतात, आणि सुई उचलली जाईपर्यंत पादत्राणे शोधावयास कोणी वाकत नाही.